सुखरूप बाळंतपण

जोनालीला कळा सुरू झाल्या तशी सासूने आतून कडी घातली. पोरगी सतरा वर्षांची. इस्पितळात वय विचारतात आणि अल्पवयीन बायको असली की नवऱ्याला पोलीस उचलतात, हे ब्रह्मपुत्रेतल्या आमच्या बेटावर आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

गावच्या आशा सेविका तरुलता, ज्यांना सगळे बाइदेउ म्हणजे ताई म्हणत, बाहेरून सासूला विनवत राहिल्या. "अगं, पहिलटकरीण आहे ती. तुझा मुलगा तुरुंगातून परत तरी येईल. ही गेली तर कुठून आणशील?"

शेवटी जोनालीच्या नवऱ्यानेच, मुकुटने, दार उघडलं. "चला, बाइदेउ. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

नावेत घालून त्यांनी तिला पलीकडच्या इस्पितळात नेलं. रक्तस्राव फार झाला, पण डॉक्टरांनी वाचवलं. मुलगी झाली. मुकुटने लेकीला जेमतेम हातात घेतलं, तोवर पोलीस आलेच.

"मी साहेबांशी बोलते," बाइदेउंनी जोनालीला शब्द दिला. त्या बोलल्याही. मुकुट काही सुटला नाही.

पूर ओसरला त्या सुमारास जोनालीच्या शेजारच्या घरातून कण्हणं ऐकू आलं. तिथली सूनही तशीच कोवळी. बाइदेउ धावत गेल्या आणि त्यांनी दार ठोठावलं. दार किलकिलं झालं आणि फटीत त्या घरच्या कुणाऐवजी जोनालीच उभी राहिली, कडेवर लेक घेऊन. आतलं कण्हणं वाढत होतं.



ती हळूच म्हणाली, "इथं कुणी गरोदर नाही, बाइदेउ. तुम्ही जा."