आधी फोटो

अमेरिकेतल्या ट्रॉय गावी राहत्या घरात डेकेअर चालवणाऱ्या कुमुदमावशींना नव्याने आलेल्या ईराच्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं, “मावशी, लायबिलिटी इन्शुरन्स कितीचा आहे तुमचा?” मावशींच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी काय खाते, कधी झोपते ते सांगायचं सोडून थेट इन्शुरन्स? ही बाई केस ठोकून घर विकायला लावणार! त्यांनी त्याच आठवड्यात साध्या विम्यावर जादा भरपाईची अंब्रेला पॉलिसी चढवली. एजंट म्हणाला, “मूल दारात आलं की फोटो काढा. घरचा ओरखडा तुमच्या माथी नको.” तेव्हापासून अडीच वर्षांची ईरा रोज दारातच हात, गुडघे, गाल दाखवून “चीज” म्हणायची, मगच आत यायची. आज घसरगुंडीवरून पडून तिच्या कपाळाला खोक पडली. “उचल” म्हणत तिने हात पसरले. मावशींनी आधी फोन उचलला. फोन दिसताच ईराने हात खाली घेतले. हुंदक्यांतूनच म्हणाली, “चीज.”