घंटा वाजली त्या दिवशी

"बंद कम्पायलर की उघडा, ते या आठवड्यात ठरव," ऑफिसच्या प्रमुख कुसुमताई रविंद्रला म्हणाल्या. "सोमवारपासून खाणीची घंटा कॉम्प्युटर वाजवणार. वर शब्द देऊन बसले मी."

१९८८चा मे. सावनेरजवळच्या कोळसा खाणीत पेट घेणारा वायू वाढला की घंटा वाजवायचा प्रोग्रॅम रविंद्रने लिहिला होता. तो यंत्राच्या भाषेत उतरवायला कम्पायलर हवा होता, आणि नागपूरच्या ऑफिसात दोन होते. एक कंपनीकडून विकत घेतलेला; आत काय आहे ते कोणालाच बघता येत नसे. दुसरा मित्राने विद्यापीठातून टेपवर फुकट पाठवलेला. त्याची ओळ न् ओळ वाचता येई.

रविंद्रचं मन उघड्याकडे होतं. त्याचा थोरला भाऊ मारोतराव याच खाणीत उतरत असे.

"ताई, चुकलं तर आत पाहता आलं पाहिजे."

"वाजली तर पाहायचं काहून?"

मंगळवारी बंद कम्पायलरची पाळी होती. खाणीतल्या वायू मोजणाऱ्या यंत्राजवळ वायूची नळी सोडली. खाणीवरच्या कॉम्प्युटरच्या खोलीत सगळे काट्याकडे बघत बसले. काटा लाल रेघेवर गेला आणि बाहेर खाणीच्या तोंडाशी पितळी घंटा घणघणली. कुसुमताईंनी टाळी वाजवली.

घंटा मुद्दाम जुनीच ठेवली होती. मजुरांचे कान तिलाच ओळखत. तिला फक्त विजेवर चालणारा हातोडा बसवला होता. जुना दोरही अजून लोंबत होता. घंटेपाशी स्टूल टाकून धोंडबा अठ्ठावीस वर्षं तिथल्या वायूच्या काट्यावर नजर ठेवत आला होता. सोमवारी तो निवृत्त होणार होता.

बुधवारी उघड्या कम्पायलरची पाळी. तोच प्रोग्रॅम, तीच नळी. काटा लाल रेघ ओलांडून गेला, पण घंटा गप्प. रविंद्रचं तोंड उतरलं. धोंडबाही नव्हता, पोरीच्या साक्षगंधाला गेला होता; नाहीतर त्याने चहा तरी पाजला असता.

तीन दिवस रविंद्र त्या कम्पायलरच्या ओळी वाचत बसला. चूक सापडेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली. फुकटच्या वस्तूपायी भावाचा जीव पणाला लावायला निघालो होतो, असं मनात आलं. शनिवारी त्याने बंद कम्पायलरवर सही केली.

सोमवारी सकाळची पाळी खाली गेली. मारोतरावाने जाताना हात हलवला. बाहेरचं स्टूल आणि दोर दोन्ही काढून टाकले होते.

खाणीच्या ऑफिसात धोंडबाला शाल-नारळ दिला. त्याचे डोळे भरून आले. रविंद्रने वाकून नमस्कार केला.

"आता आराम करा, धोंडबा. तुमचं काम मशीन करेल."

"करू द्या गा, बाबू," धोंडबा म्हणाला. "पन त्याले जरा समजावून ठेवा. मंगळवारी काटा लालवर गेला, मी वाट पाह्यली, ते वाजवूनच नाही राहिलं. मंग मीच दोर ओढला."