शांतवनचे हात

कंपनीची बस नाशिक फाट्यावर थांबली आणि जाईबाई साळवे चढल्या. या बसनं यायचा त्यांचा आजचा अकरावा दिवस. ड्रायव्हरनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्या मधल्या रांगेत आल्या. रणजीत उजागरेनं पाय आकसून घेतले, तशा त्या त्याच्या शेजारी, खिडकीपाशी बसल्या. तिथं त्यांचा मुलगा शांतवन बसायचा. प्रेस मशीनखाली त्याचे दोन्ही हात गेले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तोही गेला, त्याला दीड महिना झाला होता.

दहा दिवस त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. महाळुंग्याला गेटवर उतरायच्या, पहिली शिफ्ट आत गेली की परत फिरायच्या. त्यांना नका येऊ म्हणायची कुणाची छाती नव्हती. बसमधल्या गप्पा बंद झाल्या होत्या.

मोशीच्या पुढं धुकं दाटलं. खिडकीतून काहीच दिसेना.

"रणजीतभाऊ," जाईबाई म्हणाल्या, "शांतवन रोज येतो."

रणजीत त्यांच्याकडं वळला. "मावशी, असं काही नसतं. तो प्रभूजवळ आहे."

"तिकडं जाईना म्हणून तर सांगते. शिफ्ट सुटायच्या वेळी येतो. दारात उभा राहतो. आत ये म्हटलं की हात पाठीमागं लपवतो." त्या धुक्याकडंच बघत होत्या. "कंपनीच्या कागदावर त्याच्या हातांची चूक लिहिलीय ना. लाज वाटते त्याला."

तो कागद सुपरवायझर म्हणून रणजीतनंच लिहिला होता. कामगाराचा निष्काळजीपणा, आणि खाली सही. मशीनमध्ये हात दिसला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. माल भराभर निघावा म्हणून रणजीतनं तार जोडून तो बंद पाडला होता. पोलीस यायच्या आधी ती तार त्यानंच काढली. कुणाला कळलं नाही, असं तो धरून चालला होता.

"तारेचं त्यानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं," जाईबाई म्हणाल्या.

दोघं एकाच चर्चमध्ये जात. गेले सहा रविवार तो त्यांच्या मागच्या बाकावर बसून रडला होता.

"मी रोज गुडघ्यावर बसून देवाजवळ कबूल करतो, मावशी. देव प्रीती आहे. त्यानं मला माफ केलं असेल."

"केलं असेल. मीही केलं. दहा दिवस तुमच्या शेजारी बसून तेच करत होते. होत नव्हतं. आज झालं."

रणजीतला हुंदका आला. जाईबाईंनी त्याचा हात धरला. त्यांची बोटं पहाटेच्या लोखंडासारखी गार होती.

"म्हणजे सुटलो ना मी?"

"नुसतं जाऊ दे म्हणून भागलं असतं, तर देवानं स्वतःच्या हातात खिळे कशाला घेतले असते?" त्या म्हणाल्या. "माफी माझी होती, ती दिली. पण खरं काय घडलं, ते शांतवनचं आहे. ते तुमच्याकडं अडकलंय."

महाळुंग्याची पोलीस चौकी आली तेव्हा रणजीत उठला. थांबव म्हणताना त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. जाईबाई त्याच्या मागोमाग उतरल्या. बस धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

हवालदाराला सगळं उतरवून घ्यायला तास लागला. रणजीतनं काही लपवलं नाही. तारेचा रंगसुद्धा सांगितला. सही झाल्यावर हवालदारानं जाईबाईंकडं पाहिलं. त्यांनी अजून रणजीतचा हात सोडला नव्हता.

"तुम्ही यांच्या आई का?"

"जो मेला त्याची."

हवालदाराचा पेन हवेतच राहिला.

"किती वर्षं होतील यांना?" जाईबाईंनी विचारलं.

"ते कोर्ट ठरवेल, बाई."

"जेवढी होतील तेवढी होऊ द्या. एक दिवससुद्धा कमी नको." त्यांनी रणजीतचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा. "आणि दर रविवारी डबा मी आणणार. माझं नाव लिहून ठेवा."