काढून टाकायची यादी

अपडेट सुरू करण्याआधी, नियमाप्रमाणे, तंत्रज्ञ दमयंतीने तात्या सबनीसांच्या मेंदूतल्या चिपमधून काय काढलं जाणार त्याची यादी मोठ्याने वाचली.

"हाताची थरथर थांबेल. मात्र एक जुना भाग जाईल. पत्नीचा आवाज ओळखणारा. तीन वर्षांत वापर नाही."

घड्याळं दुरुस्त करणारे तात्या उठले, पुन्हा बसले.

"घरी तिच्या आवाजाची कॅसेट आहे. ती गेल्यापासून लावायची हिंमत झाली नाही."

"मग काढू?"

"लावली आणि कुणाचा आवाज तेच कळलं नाही तर?"

"तो भाग ठेवला तर पुढची अपडेट्सही अडतील, तात्या. घड्याळं सुटतील हातातून."

"सुटू देत. त्या भागाला कुलूप लाव, कुणी काढायला नको."

तिने लावलं. अपडेट नाकारल्याच्या कागदावर सही करताना तात्यांच्या हातून पेन दोनदा पडलं.