न मोजलेलं शून्य

धोंडबानं कमरेला दोर बांधला, चपला काढून भिंतीपाशी ठेवल्या आणि प्रीतीकडे बघून विचारलं, "काय म्हनते बाई तुमची मशीन? उतरू?"

भिंतीवरच्या पडद्यावर शून्य होतं, हिरव्या रंगात. म्हणजे टाकीत विषारी वायू नाही.

"शून्य दाखवते काका. उतरा," प्रीती म्हणाली.

बुटीबोरीच्या त्या रंगाईच्या कारखान्यात गाळाची टाकी दोन महिन्यांनी एकदा माणूस उतरवून साफ करत. वायू मोजायचं यंत्र नवं होतं. त्याचा प्रोग्राम प्रीतीनं लिहिला होता, नागपुरातल्या एका लहानशा कंपनीत बसून, आणि आज ती तो कारखान्याच्या ताब्यात द्यायला आली होती. सुपरवायझर हेमराजनं रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, पुढे शून्य लिहिलं आणि तिची सही घेतली.

ऊन चढलं होतं. सावली बघून ती पंपाच्या खोलीकडे सरकली, तर तिथं खिळ्यावर एक काळी वायर गुंडाळून ठेवलेली. टोकाला बोटभर लांबीची पितळी नळी.

"हेमराजभाऊ, हे काय लटकवलं इथं?"

"ते? तुमच्या मशीनचीच वायर आहे मॅडम. पंप उतरवताना मधात येऊन राहिली होती, म्हणून सकाळीच काढून ठेवली." तो हसला. "काहून? मशीन तर चालूच आहे."

टाकीतला वायू ओळखणारी नळीच इथं खिळ्यावर होती. प्रीतीनं पडद्याकडे पाहिलं. शून्य तसंच होतं.

वायूचा आकडा ज्या रकान्यात बसतो, त्याला तिनंच अट घातली होती: इथं फक्त पूर्ण संख्या येईल. अक्षर नाही, रिकामी जागासुद्धा नाही. आणि रकान्याला रिकामं राहायची मुभाच नसली, की काही न आल्यावर तो आपणहून शून्य धरून बसतो. हे तिला कॉलेजपासून पाठ होतं. म्हणून तर तिनं दुसरी तपासणी ठेवली होती. वायरीतून खरोखर आकडा आला का ते आधी बघ. नसेल आला तर लाल दिवा लाव, भोंगा वाजव. चाचणीच्या आठवड्यात भोंगा सात वेळा वाजला आणि सातही वेळा काम थांबलं. मग तिच्या साहेबांचा, कुशलचा, फोन आला. "कारखानेवाले कटकटले आहेत गं. तेवढी तपासणी काढून टाक. आकडा तर येतोच आहे ना?" तिनं वाद घातला होता, थोडासा. मग काढली. एका मिनिटाचं काम होतं.

टाकीतून धोंडबाचा घुमणारा आवाज आला. "हेमराज! वरतं किती घान मारत होतं गा! खाली तर वासच नाही!"

प्रीती टाकीकडे धावली. हा वायू थोडा असला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. फार झाला की माणसाचं नाकच मरतं.

"वर काढा त्यांना! दोर ओढा!"

"पण मशीन शून्य..."

"मशीनला काही दिसतच नाही हेमराजभाऊ! ते शून्य मोजलेलं नाही!"

हेमराज दोरावर तुटून पडला. "ए, या रे इकडे! ओढा गा, ओढा!" दोर आधी सैल आला, मग एकदम जड झाला. एका कामगारानं मदतीला म्हणून टाकीच्या शिडीवर पाय ठेवला, तर प्रीतीनं त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. तो पडला, तिला शिवी देऊन उठला, आणि दोराला लागला.

धोंडबा पोत्यासारखा वर आला. ओठ निळे पडले होते. त्याला मोकळ्यावर आडवं केलं. बऱ्याच वेळानं छाती हलली, खोकला आला, उलटी झाली. हेमराजनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "धोंडबा, ए धोंडबा, बोल न गा." डोळे उघडले, पण ते कोणालाच ओळखत नव्हते.

त्याला जीपमध्ये घालून नेलं. धूळ बसल्यावर हेमराजनं हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे मशीन आनखी कुठं लावलं तुम्ही?"

एकाच ठिकाणी. सोमवारी, खाप्याच्या कारखान्यात. प्रीतीनं तिथल्या मुकादमाला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर नत्थूजींनी उचलला.

"नत्थूजी, मी प्रीती. टाकीतली वायर जागेवर आहे का?"

"वायर? काढली न बाई. सफाई चालू आहे, मधात येते ते."

"आत कोण आहे?"

"महादेवराव आहे. झाला असंन अर्धा घंटा. मशीन चांगलं शून्य दाखवून राहिली."

"त्यांना हाक मारा. फोन ठेवू नका, हाक मारा आधी."

"ओ महादेवराव!" नत्थूजींनी हाक मारली, जेवायला बोलवावं तशी. थोडं थांबून पुन्हा मारली. मग त्यांनी फोन कुठंतरी ठेवला असावा, कारण तिसरी हाक लांबून आली, आणि ती तशी नव्हती.

"उतरू नका नत्थूजी! आत उतरू नका!" प्रीती फोनमध्ये ओरडत राहिली.

पलीकडे लोखंडी शिडी वाजायला लागली होती.