रांगेतलं एक पान

"अजून किती वेळ?" ताईने तिसऱ्यांदा विचारलं. या खेपेला तिच्या आवाजात प्रश्न कमी आणि कानाखाली वाजवायची इच्छा जास्त होती.

धाकट्याने मान वर केली नाही. "प्रिंटरचा ड्रायव्हर सापडलाय. आता त्याला ओळखतो का बघू."

"तो तासाभरापूर्वी सापडला होता ना?"

"तो दुसरा होता."

नवा लेझर प्रिंटर टेबलावर ढिम्म बसला होता. हिरवा दिवा चालू, पोटात कागद आणि काम शून्य. संगणकावर ही फुकटातली सिस्टीम धाकट्यानेच दोन वर्षांपूर्वी घालून दिली होती. व्हायरस नाही, कटकट नाही, असं छातीठोकपणे सांगून. तेव्हापासून साधी वायर जोडायची तरी ताईला त्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत.

"आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलीय," ताई म्हणाली. "डॉक्टरकडे न्यायला ये म्हटलं की तुझी मीटिंग असते. आज प्रिंटर म्हटलं तर तासाभरात हजर! लाज कशी वाटत नाही रे?"

"आज सुट्टी होती."

"मग तोंड बंद ठेव आणि बोटं चालव. पाचच्या आत मला ते पान हवंय."

पाच का, हे त्याला ठाऊक होतं. आईनेच फोनवर सांगितलं होतं. ताईला तिच्या नोकरीत दूरच्या गावच्या शाखेत प्रमुखाची जागा मिळाली होती. होकाराचं पत्र सही करून आज पाचपर्यंत दोन गल्ल्या पलीकडच्या कचेरीत द्यायचं होतं. आईपायी दोन बढत्या तिने आधीच सोडल्या होत्या. तिसरी सोडली असती, तर चौथ्यांदा कुणी विचारलं नसतं. ताईने मात्र त्याच्यापाशी चकार शब्द काढला नव्हता. बाहेर जायच्या कपड्यांत ती घड्याळाकडे बघत बसली होती.

"पेन ड्राइव्हवर दे. कोपऱ्यावरून छापून आणते."

"तिथली वीज गेलीय, येताना बघितलं मी. थांब, होतंच आहे."

त्याने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पुन्हा काहीतरी टाइप केलं. ओळी सरसर वर गेल्या. ताईने टेबलाचा खण धाडकन लावला.

"एक पान मागितलं रे तुझ्याकडे! नऊ वर्षांत एक!" तिचा आवाज चिरकला. "तेही जमत नाही तुला?"

"मी काय मुद्दाम करतोय?" तोही भडकला. "तीन तास खपतोय, त्याचं काही नाही!"

पाच वाजले. ताई उठली. ती आणखी ओरडेल म्हणून धाकट्याने अंग चोरलं, पण ती शांतपणे म्हणाली, "राहू दे. आईला तोंडपाठ आहे सगळं. तिला भेटून येते."

कसलं तोंडपाठ, हे त्याला कळलं नाही.

ती आत गेली. पाच मिनिटांनी त्याने पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. प्रिंटर साडेतीनलाच चालू झाला होता. तेव्हापासून त्याने फक्त छपाईची रांग थांबवून पान अडवून ठेवलं होतं. आता मुदत टळली होती. ताई चार दिवस रडेल, मग पुन्हा आईच्या औषधांना लागेल, असा त्याचा हिशेब होता. त्याने रांग सुरू केली आणि ओरडला, "ताई, झालं बघ!"

पुढचं दार लागल्याचा आवाज आला. रस्त्यावर एक गाडी सुरू झाली.

प्रिंटर घरघरला आणि पान बाहेर पडलं. धाकट्याने ते उचललं.

'सकाळी सहा, थायरॉईडची गोळी, उपाशीपोटी. दर दोन तासांनी कूस बदलायची. डायपर कपाटाच्या खालच्या खणात. आईला एकटं सोडायचं नाही, मीटिंग असली तरी. पाचला माझी गाडी येतेय; होकार मी सोमवारीच देऊन आले.'

आतून आईची हाक आली. ताईला नव्हती.