बूड नसलेली पळी

शिरीष दामल्यांनी कोरा कागद टेबलावरून अश्लेषाकडे सरकवला आणि स्वतःचं पेन त्यावर आडवं ठेवलं. एरवी 'मॅडम' म्हणणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी आज तिला ताई केलं होतं, चहासुद्धा मागवला होता. साहेब काहीतरी मोठं मागणार, हे तिला तेव्हाच कळलं.

मागणं दोन ओळींचंच होतं. क्रेनची साखळी सोमवारी तपासली, ती ठीक होती. इम्रान बजावूनही लोडखाली उभा राहिला. सेफ्टी ऑफिसर म्हणून तुमच्या हातचं एवढं असलं की विषय खलास, कुणाचं काही जात नाही, असं साहेब म्हणाले. जाणार होतं ते इम्रानचं. साखळी तुटून लोड अंगावर आलेला श्रीवर्धनचा कामगार इम्रान इथे ओमानात, सोहारच्या हॉस्पिटलात पाय मोडून पडला होता, आणि ह्या दोन ओळींवर सगळा ठपका त्याच्यावर ठेवून त्याला घरी धाडता आलं असतं. साखळी बदला म्हणून अश्लेषाने तीनदा लिहून दिलं होतं. उद्या बाहेरचे लोक तपासायला आले, तर ती ठीक होती असं सांगणारीही अश्लेषाच ठरणार होती.

नाही लिहिलं तर, असं तिने विचारून पाहिलं. साहेब रागावले नाहीत. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय ना, ताई? मुलीची शाळाही इथेच."

अश्लेषा घाबरली, चांगलीच घाबरली. आणि घाबरल्या घाबरल्याच तिला सकाळची पळी आठवली.

अस्मिताला दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्पर्धेत जपानी भुतांची गोष्ट सांगायची होती. इंग्रजीत ती पाठ होती. आईला मात्र डबा भरता भरता मोडक्यातोडक्या मराठीत ऐकायला मिळाली. समुद्रात बुडून मेलेली माणसं होडीपाशी येतात आणि पळी मागतात. दिली, की त्याच पळीने होडीत पाणी भरून तुम्हालाही बुडवतात.

"पण नो नाही म्हणायचं, आई. ते अँग्री होतात. पळी द्यायची, पण बॉटम काढून."

मग ती भुतं आपली पाणी भरत बसतात आणि होडीत थेंबही पडत नाही. स्टेजवर दाखवायला अस्मिताला बूड कापलेली पळी हवी होती, आणि नजर होती ती पुण्याहून आणलेल्या स्टीलच्या पळीवर. चांगली वस्तू अशी वाया घालवतात का, म्हणून अश्लेषाने तिला झिडकारलं होतं. प्लास्टिकची ने म्हणाली, तर पोरगी तोंड फुगवून बसमध्ये चढली.

"सांगा, साहेब," अश्लेषाने पेन उचललं. "लिहिते."

दामल्यांना केवढं हायसं वाटलं. हात मागे बांधून ते खिडकीशी उभे राहिले आणि भाषण करावं तसं एकेक वाक्य सांगत गेले. अश्लेषाने त्यांचा एक शब्द गाळला नाही. खाली तारीख टाकली, वेळ टाकली, सही केली.

कागद हातात घेतल्यावर मात्र साहेबांची नजर वरच्या ओळीतच अडकली. ती त्यांनी सांगितली नव्हती. 'खालचा मजकूर शिरीष दामले सांगत आहेत म्हणून मी लिहीत आहे. साखळी बदलावी असं मी याआधी तीनदा कळवलं आहे.'

"ह्याचा मला काय उपयोग?"

"तुम्ही मागितलंत ते सगळं आहे त्यात."

साहेबांनी कागद टराटरा फाडला आणि दुसरा पुढे केला. तिने तोही लिहून दिला, पहिल्या ओळीसकट. तोही फाटला. तिसरा कागद त्यांनी सरकवला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"द्या ना," अश्लेषा म्हणाली. "कितीही द्या. पहिली ओळ हीच येणार."

ती बाहेर पडली तेव्हा तिचा चहा तसाच होता. व्हिसाचं आता काही खरं नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून तिने घरी फोन लावला. अस्मिता नुकतीच शाळेतून आली होती आणि अजून फुगलेलीच होती.

"बाबा आले की त्यांच्याकडून पळीचं बूड कापून घे."

"प्लास्टिकची?" पलीकडून घुश्शातच आलं.

"नाही," अश्लेषा म्हणाली. "चांगली घे. स्टीलची."